मीठ घातलेला बर्फ

डॉक्टर इनामदारांनी निळ्या पेनाने द्वारकाच्या जांघेपासून कमरेपर्यंत एक तिरकी रेघ ओढली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "इथून."

द्वारकाने कोपरांवर उठून रेघ पाहिली. "सगळा?"

"सगळा. खुब्यापासून."

"डॉक्टर, पापलेटचं डोकं कापतानासुद्धा मी एवढं तिरकं नाय कापत. मांस वाया जातं."

त्यांच्याबरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांपैकी एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. इनामदार कॉटच्या कडेवर बसले. "तिरकं कापतो ते कातडी उरावी म्हणून, द्वारकाबाई. जखमेवर ओढून शिवायला लागते."

"मग ठीक आहे. मला वाटलं घाईत आहात."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी होतं. कागद पुढे आला तेव्हा तिने 'द्वारका हसुराम तांडेल' अशी सही केली. तिला तेवढीच अक्षरं येत होती. मी कॉटच्या पायथ्याशी पेजेचा डबा हातात घेऊन उभा होतो. इनामदारांनी मला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "नाही."

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. तेव्हा द्वारका अडतीस वर्षांची होती.

तिच्या डाव्या मांडीत, वरच्या बाजूला, आदल्या उन्हाळ्यात एक गाठ आली होती. लिंबाएवढी. दुखत नव्हती. द्वारका तालुक्याच्या बाजारात मासे विकायची. डोक्यावर पाटी, मग दिवसभर बसून कापणं. तिला वाटलं, बसून बसून शीर आखडली असेल. गणपतीपर्यंत गाठ नारळाच्या वाटीएवढी झाली, तेव्हा मी तिला तालुक्याला डॉक्टर गद्र्यांकडे घेऊन गेलो. आमच्या किनाऱ्यावरच्या तीन गावांतली निम्मी पोरं गद्र्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "चरबीची आहे. काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम."

ते काम दोन तास चाललं. बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "खोल निघाली रे," ते म्हणाले. "स्नायूत शिरली होती. तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली." त्यांनी माझ्या हातात रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली दिली. आत नाकाला झोंबणारं औषध आणि त्यात ते तुकडे. "सोमवारी मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचव. या औषधात टिकतात. सांडू मात्र नकोस."

तो शुक्रवार होता. गद्रे त्याच दुपारी भाचीच्या लग्नाला पुण्याला निघाले.

मी मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो. लाद्या काढायच्या, फोडायच्या, मशीनकडे बघायचं. सोसायटीचा टेम्पो तालुक्याला आला होता, द्वारकाला दवाखान्यात ठेवून त्यातूनच परत निघालो. वाटेत एका खड्ड्यात टेम्पो असा आदळला की बाटली मांडीवरून उडाली आणि लाद्या ओढायच्या लोखंडी आकड्यावर आपटली. झाकण फुटलं. गावात पोचेपर्यंत औषध सगळं सांडून गेलं होतं. गद्रे पुण्याला. ऑक्टोबरची उन्हं. सोमवार तीन दिवस लांब.

मला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे मासा राखणं. मी कारखान्यात गेलो, बर्फ बारीक फोडला, थर्माकोलच्या पेटीत भरला, मधोमध बाटली ठेवली आणि वरून खडे मीठ टाकलं, कुल्फीवाले टाकतात तसं. बाटलीला दुसरं झाकण बसवलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बर्फ बदलला, मीठ बदललं. सोमवारी पहाटे हात लावून पाहिलं तर आतले तुकडे दगडासारखे झाले होते. मला बरं वाटलं. मुंबईला पोचेपर्यंत ते वितळले आणि बाटलीत पाणी सुटलं. प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या माणसाला ते औषधच वाटलं असेल. त्याने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी कागद आला. पेशी खराब झाल्या आहेत, खात्रीने सांगता येत नाही, चरबीची गाठ असावी.

गद्र्यांनी तो दोनदा वाचला. "खराब कशा झाल्या? हसुराम, बाटली नीट पोचली ना?"

"पोचली."

"मग आमच्या कंपाउंडरने जुनं औषध भरलं असणार," ते म्हणाले आणि कपाळ चोळत बसले.

तिथेच सांगायला हवं होतं. पण चरबीची गाठ म्हटलंय, गाठ गेलीय, बायको चालतेय, मग आता कशाला, असं मी धरून चाललो.

पाच महिन्यांनी त्याच जागी गाठ परत आली. या वेळी ती महिन्याभरात वाढली. द्वारका सरळ गद्र्यांच्या दवाखान्यात गेली, मी तिच्या मागे. बाहेर पंधरा-वीस माणसं बसली होती. गद्रे दारात आले तशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी गाठ सडवलीत तुम्ही. साधी बाटली भरता येत नाय, आणि माणसं कापायला बसता."

बाजारात बसणाऱ्या बाईचा आवाज तो. रस्त्यापलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली. गद्र्यांनी आत जाऊन मुंबईच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, मी चिठ्ठीकडे पाहिलं.

त्या महिन्यात आमच्या गावातली बरीच घरं गद्र्यांना सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागली.

मुंबईत इनामदारांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. शरीरातलं मऊ मांस, म्हणजे स्नायू, चरबी, शिरांची आवरणं, यातून उगवणारा हा कॅन्सर. सार्कोमा म्हणतात. लाखात एखाद्याला होतो, म्हणून लहान गावातल्या डॉक्टरला आयुष्यात एकदा दिसला तर दिसला. याच्या पन्नासहून जास्त जाती आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. कुठली जात ते कळल्याशिवाय किती कापायचं ते ठरत नाही. त्यांनी गाठीतून जाड सुईने शेवयांसारखे दोन धागे काढले, आणि जुन्या गाठीचा मेणातला ठोकळा आणि काचपट्ट्या पहिल्या प्रयोगशाळेतून मागवून घेतल्या.

शनिवारी त्यांच्या खोलीत डॉक्टर कर्णिक नावाच्या बाई आल्या. दुर्बिणीखाली पेशी बघून रोग ओळखण्याचं काम त्यांचं. ठेंगण्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या द्वारकाशी बोलल्या नाहीत, माझ्याशीच बोलल्या.

"दोन काचा दोन गोष्टी सांगतायत. सुईच्या तुकड्यात पेशी ओळीने, शांत दिसतात. जुन्या काचेत त्यांच्यामध्ये मोठमोठ्या पोकळ्या आहेत, पेशी चेपल्यासारख्या. पोकळ्या गाठीच्या असतील तर ही फार वाईट जात आहे. म्हणून विचारते. गाठ मुंबईला कशी आणली होती?"

"बाटलीतून."

"औषधातच होती ना? मध्ये कुठे दुसरीकडे ठेवली नव्हती, फ्रीजमध्ये वगैरे?"

द्वारका माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "यांनी जिवापाड जपून आणली, बाई. त्या डॉक्टरनेच औषध सडकं दिलं होतं."

कर्णिकबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"दिली तशीच आणली," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. इनामदार म्हणाले, "एकाच गाठीत दोन स्वभाव असू शकतात. तसं असेल तर वाईट स्वभाव धरून चालायचं असतं." मंगळवारी त्यांच्या डॉक्टरांची बैठक झाली आणि पाय काढायचं ठरलं. गाठ आधी तुकड्यांनी काढलेली, त्यामुळे मांडीभर तिचं बी सांडलेलं असणार. जात वाईट. मग पाय ठेवून जुगार खेळायचा नाही.

आणि बुधवारी सकाळी त्यांनी ती निळी रेघ ओढली.

दुपारी मी खालून चहा घेऊन वॉर्डात आलो तर द्वारका कॉटवर नव्हती. खिडकीजवळ कॉटचा दांडा एका बोटाने धरून ती उजव्या पायावर उभी होती. डावा पाय तिने गुडघ्यात दुमडून मागे धरला होता. शेजारच्या कॉटवरची जळगावची म्हातारी मोठ्याने मोजत होती. "अकरा. बारा. तेरा. अगं, हात सोड की आता."

द्वारकाने बोट सोडलं. दोन मोजेपर्यंत राहिली, मग कलंडून कॉटवर बसली आणि हसली. "काल आठपर्यंतच जमत होतं."

"पाय दुमडू नकोस असा," मी म्हटलं. "दुखेल."

"दुखायला उद्यापासून असणार कुठे तो. ऐका. पाटी आता डोक्यावर नाय घेता येणार. बसून विकीन. कारखान्यात जायच्या आधी तुम्ही पाटी बाजारात आणून ठेवायची, संध्याकाळी न्यायची. जमेल?"

"जमेल."

"आणि वाकडं तोंड करू नका. पाय माझा चाललाय."

म्हातारी म्हणाली, "पुरुषांना लागतं बाई कुणीतरी धीर द्यायला."

द्वारका परत उठली. दांडा धरला. "मोजा, मावशी. आता वीसपर्यंत."

मी चहाचे पेले तिथेच ठेवले आणि जिना उतरलो. कर्णिकबाईंची प्रयोगशाळा आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, तळमजल्यावर होती. दारात एक कारकून बसला होता.

"रिपोर्ट खिडकीवर मिळतात."

"रिपोर्ट नको. डॉक्टर कर्णिकांना भेटायचंय. एक चूक झालीय, ती सांगायचीय."

"चुकीसाठी अर्ज करावा लागतो. नाव, नोंदणी क्रमांक लिहा."

"अर्ज लिहीपर्यंत उद्या उजाडेल. माझ्या बायकोचा पाय उद्या सकाळी काढतायत."

त्याने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

कर्णिकबाई दुर्बिणीला डोळे लावून बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मी शनिवारी खोटं बोललो."

त्यांनी डोळे काढले नाहीत. "कुठला पेशंट?"

"द्वारका तांडेल. डावी मांडी."

आता त्या वळल्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. खड्डा, झाकण, कारखान्यातला बर्फ. त्यांनी मध्ये अडवलं. "नुसता बर्फ?"

"मीठ घालून."

"मीठ किती?"

"चार हिस्से बर्फाला एक हिस्सा मीठ. रोज दोनदा बदललं."

"किती वेळ?"

"शुक्रवारी दुपारपासून सोमवारी पहाटेपर्यंत."

"कडक झाले होते तुकडे?"

"दगड."

एका लाकडी खोक्यातून त्यांनी एक काच काढली, दुर्बिणीखाली सरकवली आणि उठून खुर्ची मला दिली. "बघा. तुम्ही धंद्यातले आहात. तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग गुलाबी रंगाचं काहीतरी, आणि त्यात भोकंच भोकं, जाळीसारखी. भोकांच्या कडेला जांभळे ठिपके दाबून बसवल्यासारखे.

"सुरमई हळूहळू गोठली की तिचं मांस असं होतं," मी म्हटलं. "वितळली की पाणी सोडते आणि दाबलं तर भुसा होतो. बोटीवर कुणी असा माल आणला तर आम्ही घेत नाही. मासा बर्फात थंड ठेवायचा असतो, गोठवायचा नसतो. म्हणून आम्ही मीठ घालत नाही कधी."

"मग घातलंत का?"

"भीतीने. मासा असता तर नसतं घातलं."

कर्णिकबाईंनी चष्मा गळ्यातून काढून पुसला. "मला शनिवारीच शंका आली होती. बर्फाचे खडे पेशींना असंच फोडतात. म्हणून तर फ्रीजचं विचारलं. तुम्ही तोंडावर नाही म्हणालात, मग मी तरी काय धरणार?"

मी खुर्चीतून उठलो.

त्यांनी फोन उचलला आणि इनामदारांना लावला. "जुनी काच धरू नका," त्या म्हणाल्या. "ती बर्फाने खराब झालीय. नवरा इथे उभा आहे माझ्यासमोर, त्याने स्वतः ठेवली होती. हो. उद्याचं थांबवा. नवा तुकडा लागेल, मोठा, जुन्या व्रणातूनच घ्या. औषधात मी स्वतः टाकणार."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मग पाय राहील?"

"मला माहीत नाही. सुईचा तुकडा सौम्य आहे, पण सुईला गाठीचा एक कोपरा दिसतो. मोठा तुकडा वाईट निघाला तर पाय जाणारच, आणि मधले आठ-दहा दिवस तेवढे वाया गेलेले असतील. आता जा. बायकोला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

द्वारका कॉटवर पाय लांब करून बसली होती. म्हातारी झोपली होती. चहाचे पेले तसेच, वर साय धरलेली.

"कुठे होतात? सव्वीसपर्यंत गेले."

"उद्याचं ऑपरेशन थांबलंय."

"का? डॉक्टर आजारी पडला?"

मी स्टूल जवळ ओढलं आणि तिलाही तेच सगळं सांगितलं, त्याच क्रमाने. मी सांगत असताना ती माझ्या हातांकडे बघत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे गद्र्यांनी नाय."

"नाही."

"मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे होतात."

"होतो."

"तेव्हा नाय बोललात. शनिवारी बाईंनी विचारलं, तेव्हा मीच सांगितलं, जिवापाड जपून आणली म्हणून. तेव्हाही नाय."

"नाही."

"आज कसं सुचलं?"

"तू एका पायावर उभी होतीस."

तिने पायावरची चादर वर ओढून घेतली. "चहा गार झाला," ती म्हणाली. "घेऊन जा."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाणी द्या. नर्सला बोलवा. खिडकी लावा. इनामदारांनी तुकडा घेतला तेव्हा तिने मला बाहेर थांबायला सांगितलं आणि जळगावच्या म्हातारीला बरोबर घेतलं. कर्णिकबाई खरोखरच बाटली हातात घेऊन तिथे उभ्या होत्या, असं म्हातारीने मला सांगितलं. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत द्वारकाने एका पायावर उभं राहणं सोडलं नाही. वर्ग भरल्यासारखी रोज दुपारी दोन वाजता उठायची. शेवटी शंभरपर्यंत गेली. "राहिला तर राहिला," ती म्हातारीला म्हणाली, "पण गेला तर माझी तयारी पाहिजे."

दहाव्या दिवशी कर्णिकबाई स्वतः वॉर्डात आल्या. "सावकाश पसरणारी जात आहे," त्या द्वारकाला म्हणाल्या. "सगळ्या तुकड्यात पोकळी एकही नाही."

द्वारका म्हणाली, "मराठीत सांगा. कापणार की ठेवणार?"

"ठेवून बघणार."

ऑपरेशन सात तास चाललं. मांडीचे बाहेरच्या बाजूचे स्नायू, जुना व्रण आणि गाठ, सगळं इनामदारांनी एकसंध, गाठीला हात न लागू देता काढलं. नंतर साडेसहा आठवडे किरणं. तोवर आम्ही रुग्णालयाजवळच्या एका धर्मशाळेत राहिलो. डावा गुडघा पुरता वाकायचा नाही, मांडी अर्धी झाली होती, पण पाय होता. व्यायाम करून घेणाऱ्या एका शिकाऊ मुलीने तिला जिना शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

द्वारका त्यानंतर अकरा वर्षं जगली. पहिली दहा वर्षं बाजारात बसली, पाटी मी न्यायचो. शेवटी कॅन्सर छातीत गेला. तेव्हा इनामदार निवृत्त झाले होते, तरी मी त्यांचं घर शोधून गेलो आणि विचारलं, पाय तेव्हाच काढला असता तर? ते म्हणाले, छातीत जायचं ते पाय काढून थांबत नाही, हसुराम, ते बहुतेकदा आधीच निघालेलं असतं. खरं की माझ्यासाठी म्हणाले, ते मला आजही सांगता येणार नाही. तिला ही शंका मी कधी बोलून दाखवली नाही. तेवढी एक गोष्ट मी तिच्यापासून ठेवली.

मला सांगायचंय ते मुंबईहून परत आलो त्या दिवसाचं. एसटी तालुक्याला थांबली. आमच्या गावची गाडी अर्ध्या तासाने होती. द्वारकाने पिशवी माझ्याकडे दिली आणि काठी टेकत उलट्या दिशेने चालायला लागली.

"गाडी इथे लागते," मी म्हटलं.

"दवाखान्यात जायचंय."

"कुठल्या?"

ती थांबली नाही. गद्र्यांचा दवाखाना एका जुन्या इमारतीत, पाच दगडी पायऱ्या चढून. कठडा नाही. ती एकेक पायरी चढली. आत बाकांवर सात-आठ माणसं होती. पूर्वी बसायला जागा नसायची. त्यांच्यातली दोन आमच्या गावची.

गद्रे दारात आले. द्वारकाला पाहून जागीच थांबले. तिने त्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बोला."

"आत बसून बोलतो," मी म्हटलं.

"मी आत बसून नव्हते बोलले. इथे उभी होते. तुम्ही तिथे होतात." तिने काठीने फरशीवरची एक जागा दाखवली. मी तिथे जाऊन उभा राहिलो.

मी सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो, तरी पुटपुटतच. एका म्हाताऱ्याने कानामागे हात धरून, "मोठ्याने," म्हटलं. मी मोठ्याने सांगितलं. बाटली डॉक्टरांनी नीट दिली होती. औषध चांगलं होतं. झाकण माझ्या हातून फुटलं आणि गाठ मी मीठ घातलेल्या बर्फात ठेवली. विचारलं तेव्हा खोटं बोललो. एकदा इथे, एकदा मुंबईला.

द्वारका म्हणाली, "मी या डॉक्टरांना इथे उभी राहून बोलले ते सगळं मागे घेतलं. तुम्ही ऐकलंत, तसं गावात सांगा."

गद्रे दाराच्या चौकटीला टेकले. आता ते आत जातील असं मला वाटलं. पण ते बाकांकडे बघून म्हणाले, "बर्फ हसुरामचा. चाकू माझा होता. एवढ्या खोल, एवढ्या वेगाने वाढणाऱ्या गाठीला मी हात लावायलाच नको होता. आधी मुंबईला पाठवायची, सुईने तपासून मग कापायची. मी चरबी समजलो आणि तुकडे केले. कंपाउंडरवर ढकललं ते वेगळंच. हेही गावात सांगा."

मग एक आजी म्हणाली, "मग आता आम्ही जायचं तरी कुठे, डॉक्टर?"

"गाठ आहे तुला?"

"नाय. ताप आहे."

"मग बस खाली."

एकजण हसला, मग दुसरा. गद्र्यांनी द्वारकाला तिथेच बाकावर बसवून मांडीवरचा व्रण पाहायला मागितला. तिने नऊवारीचा काष्टा थोडा सरकवून दाखवला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सुंदर काम केलंय. मला असं आलं नसतं."

"तो तर पाय पुरताच काढायला निघाला होता," द्वारका म्हणाली. "निळी रेघपण मारली होती."

बाहेर आलो. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला ती थांबली. खाली रस्त्यावर माणसं, सायकली. मी एक पायरी उतरून हात पुढे केला.

"सरका," ती म्हणाली.

"कठडा नाही, द्वारके."

"दिसतंय मला. तुम्ही वाटेत उभे आहात."

मी बाजूला झालो. तिने काठी खालच्या पायरीवर टेकली, दुखरा पाय खाली ठेवला, त्यावर भार देऊन पाहिला. पाय थरथरला आणि थांबला. मग चांगला पाय. मग परत. पाचही पायऱ्या ती तशीच उतरली, मध्ये एकदाही मागे न बघता. रस्त्यावर पोचल्यावर तिने पदर खोचला आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"काय बघताय?" ती म्हणाली. "पिशवी घ्या आणि या. गाडी चुकली तर तुमच्या टेम्पोतून मी येणार नाय."

मी पिशवी घेतली आणि खाली उतरलो.